दूरचित्रवाणी वाहिनी क्रमांक

दूरचित्रवाणी वाहिनी क्रमांक म्हणजे रिमोटवर दाबला असता विशिष्ट वाहिनी पडद्यावर आणणारा अंक होय. डिजिटल प्रसारणात हा अंक वाहिनीच्या वारंवारतेशी बांधलेला नसतो. सेवा पुरवणारी संस्था तो नेमून देते, म्हणून त्यास लॉजिकल चॅनल नंबर, संक्षेपाने एलसीएन, असे म्हणतात. भारतात एका वाहिनीला देशभर एकच क्रमांक नसतो. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांत एकाच आळीतील एका घरी केबल, दुसऱ्या घरी डीटीएच आणि तिसऱ्या घरी डीडी फ्री डिश असेल, तर तीच मराठी वाहिनी तिन्ही घरांत वेगवेगळ्या क्रमांकांवर असू शकते.

अ‍ॅनालॉग काळ

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळात वाहिनीचा क्रमांक म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यातील एक ठरावीक जागा असे. व्हीएचएफ पट्ट्यात ही जागा ७ मेगाहर्ट्झ रुंदीची, तर २१ व्या क्रमांकापासून सुरू होणाऱ्या यूएचएफ पट्ट्यात ८ मेगाहर्ट्झची असे. कर्जतच्या बाजूने पाहता मुंबईच्या दिशेला माथेरान, प्रबळ व इर्शाळ यांची डोंगररांग आडवी येते. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने अशा रांगेच्या छायेतील गावांत चित्र अस्पष्ट येणे स्वाभाविक होते. तेथे क्रमांक ठाऊक असून भागत नसे, अँटेनाही उंच बांबूवर चढवावी लागे.

केबल आल्यावर कोणती वाहिनी कोणत्या जागी दाखवायची हे गावातील केबलचालकाच्या हाती गेले. जुन्या संचांत मोजक्याच वाहिन्या बसत आणि खालच्या पट्ट्यातील चित्र अधिक स्वच्छ दिसे. त्यामुळे या पट्ट्याला ‘प्राइम बँड’ म्हणत आणि तेथील जागेसाठी वाहिन्या पैसे मोजत. सन २००० मध्ये केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम, १९९५ यात दुरुस्ती होऊन दूरदर्शनच्या दोन वाहिन्या व राज्याच्या भाषेतील एक वाहिनी प्राइम बँडमध्ये दाखवणे बंधनकारक झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. सध्याच्या डीडी सह्याद्री या वाहिनीचे पूर्वीचे नाव डीडी-१० होते. त्यातील १० हा दूरदर्शनच्या प्रादेशिक वाहिन्यांच्या मालिकेतील अनुक्रम होता. ती संचावर दहाव्या जागी दिसे असा त्याचा अर्थ नव्हे.

डिजिटल कार्यपद्धती

डिजिटल तंत्रात एकाच वारंवारतेवरून अनेक वाहिन्या एकत्र पाठवल्या जातात, त्यामुळे वारंवारतेवरून वाहिनी ओळखता येत नाही. भारतात वापरल्या जाणाऱ्या डीव्हीबी मानकांत प्रत्येक वाहिनीची ओळख तीन संख्यांनी पटते : मूळ जाळ्याची, प्रवाहाची आणि सेवेची. यांपैकी सेवेची संख्या १६ बिटांची असते, म्हणजे ती ६५,५३५ पर्यंत जाऊ शकते. एवढ्या मोठ्या संख्या प्रेक्षकाने लक्षात ठेवाव्यात हे शक्य नाही. म्हणून प्रवाहासोबत एक तक्ता पाठवला जातो व कोणत्या सेवेला कोणता सोपा क्रमांक द्यावा हे त्यात नोंदवलेले असते. सेट-टॉप बॉक्स हा तक्ता वाचून वाहिन्या लावतो. जो बॉक्स तो वाचत नाही, तो वाहिन्या सापडतील त्या क्रमाने मांडतो. बाजारातील साध्या बॉक्सवर पुन्हा शोध घेतला की ओळखीचे क्रमांक बदललेले दिसतात, त्याचे हेच कारण असते.

अमेरिकेत वेगळी रीत आहे. तेथील एटीएससी पद्धतीत ७.१, ७.२ असे दुहेरी क्रमांक असतात. केंद्राने वारंवारता बदलली तरी प्रेक्षकांच्या परिचयाचा पहिला अंक त्यामुळे टिकवता येतो. ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यू सेवेवर बीबीसी वन ही वाहिनी १ क्रमांकावर असते.

कर्जत व खालापूरमधील बदल

केबलचे डिजिटलीकरण चार टप्प्यांत झाले. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. तिसऱ्या टप्प्यात उर्वरित नागरी भाग आणि चौथ्यात राहिलेला सर्व देश होता. कर्जत, खोपोली व माथेरान येथे नगरपरिषदा असल्याने ती नागरी भागात मोडतात, तर भोवतालची खेडी व आदिवासी वाड्या चौथ्या टप्प्यात येतात. तिसऱ्या टप्प्याची मुदत वाढून अखेर ३१ जानेवारी २०१७ झाली आणि चौथ्याची ३१ मार्च २०१७.

या बदलाने गावातील केबलचालकाचा जुना अधिकार संपला. क्रमांक आता मुख्य नियंत्रण केंद्रातच ठरतो व केबलचालक तो बदलू शकत नाही. आजीला हवी असलेली वाहिनी ‘जरा पुढे’ आणून देण्याची सोय त्याबरोबर गेली, हेही नमूद करावयास हवे.

नियमन

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्च २०१७ मध्ये यासंबंधी विनियम काढले. एका प्रकारच्या वाहिन्या सलग असाव्यात आणि त्या प्रकारात एका भाषेच्या वाहिन्या एकत्र असाव्यात, असे त्यांत सांगितले आहे. एक वाहिनी एकाच ठिकाणी दिसावी आणि दिलेला क्रमांक किमान एक वर्ष बदलू नये, असेही बंधन आहे. मात्र वाहिनी बंद झाल्यास किंवा तिने प्रकार बदलल्यास अपवाद आहे. वृद्ध व निरक्षर प्रेक्षक वाहिनीचे नाव न वाचता अंकांवरूनच ती शोधतात. त्यांच्या दृष्टीने वर्षभराच्या स्थैर्याची ही अट सर्वांत मोलाची म्हणावी लागेल.

बॉक्स सुरू करताच दिसणाऱ्या वाहिनीचा, म्हणजे ‘लँडिंग पेज’चा, प्रश्न मात्र वादाचा ठरला. या जागेमुळे प्रेक्षकसंख्येची मोजणी फुगते, असा आक्षेप होता. ट्रायने डिसेंबर २०१८ मध्ये त्यावर निर्बंध घातले. दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाने ते मे २०१९ मध्ये रद्द केले.