दुधावाचून कस्टर्ड, सायीवाचून आइस्क्रीम

दूध, साखर आणि अंड्याचा बलक मंद आचेवर ढवळत शिजवला की कस्टर्ड तयार होते. तेच कस्टर्ड ढवळत ढवळत गोठवले की कस्टर्ड आइस्क्रीम. आता यातून दूध काढा, अंडेही काढा. मागे उरते ती केवळ साखर! तरीसुद्धा दूध आणि अंडे यांच्याविना चांगले मऊ कस्टर्ड आइस्क्रीम घरच्या घरी करता येते. मग त्या दोन पदार्थांचे काम तिथे कोण करते? आणि मुळात ते काम तरी कोणते?

हा प्रश्न केवळ स्वयंपाकघरातला नाही. सहलीत किंवा स्नेहसंमेलनात आइस्क्रीम वाटले जाते, तेव्हा एखादा विद्यार्थी ‘मला नको’ म्हणून बाजूला सरतो. त्याला दूध पचत नाही, किंवा दुधाची ॲलर्जी असते. अशा ‘मला चालत नाही’ म्हणणाऱ्या माणसांनीच आपल्याला पदार्थांचे रसायन समजावून दिले आहे. पथ्य म्हणजे एका अर्थी प्रयोगच असतो. एक घटक काढायचा, काय बिघडते ते पाहायचे आणि त्यावरून त्या घटकाचे काम ओळखायचे. दुधाविना आइस्क्रीमचा इतिहास हा अशा प्रयोगांचा इतिहास आहे.

उपवासाचे बदामी दूध

आपल्याकडे बहुतेक उपवासांना दूध चालते. मध्ययुगीन युरोपात मात्र ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. मग श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात बदाम वाटून, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून ‘दूध’ काढले जाई. इंग्लंडच्या राजाच्या आचाऱ्यांनी इ. स. १३९० च्या सुमारास संकलित केलेल्या पाककृतींत हे बदामाचे दूध वारंवार भेटते. ते दाट करण्यासाठी तांदळाचे पीठ वापरत.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की पाण्यात स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले असले की द्रव पांढरा, दुधासारखा दिसतो. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. गाईचे दूध, बदामाचे दूध, नारळाचे दूध ही सारी पायसेच. दुसरी अशी, की दाटपणा अंड्यावाचून पिठानेही आणता येतो. या दोन्ही गोष्टी आचाऱ्यांच्या हाताला ठाऊक होत्या. त्यांची कारणे मात्र पुष्कळ नंतर कळली.

बर्ड यांची पूड

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत, पण कस्टर्ड तर आवडे. बर्ड यांनी १८३७ साली अंड्याऐवजी पिष्ट वापरून कस्टर्डची पूड तयार केली. ती घरापुरतीच होती. एकदा ती चुकून पाहुण्यांना वाढली गेली आणि त्यांनाही आवडली, म्हणून बर्ड यांनी ती विकायला सुरुवात केली, असे सांगतात. याच बाईंना यीस्टही चालत नसे. म्हणून बर्ड यांनी १८४३ साली यीस्टविना पाव फुगवणारी बेकिंग पावडरही तयार केली. एका घरातल्या पथ्यातून दोन पदार्थ जगभर पोचले! आज आपल्याकडच्या दुकानात मिळणाऱ्या कस्टर्ड पावडरीत अंडे नसते. मुख्यतः मक्याचे पिष्ट, रंग आणि व्हॅनिलाचा स्वाद एवढेच असते.

अंड्याऐवजी पिष्ट कसे चालते? अंड्याच्या बलकातील प्रथिने तापल्यावर उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी अडकते. आच जरा जास्त झाली तर हे जाळे आवळते, पाणी सुटते आणि कस्टर्ड फुटते. पिष्टाचे कण वेगळ्या रीतीने तेच काम करतात. मक्याच्या पिष्टाचे कण पाण्यात साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास फुगू लागतात आणि उकळीच्या जवळ पोचेपर्यंत मिश्रण दाट होते. पिष्ट प्रथिनांसारखे फुटत नाही. म्हणून पावडरीचे कस्टर्ड नवशिक्यालाही जमते.

बलकाचे आणखी एक काम असते. त्यातील लेसिथिन हा पदार्थ तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. हे काम पिष्टाला तितकेसे जमत नाही. मिश्रण दाट झाल्याने तेलाचे थेंब सहज वर येत नाहीत, इतकी मदत मात्र ते करते.

गारवा आणायचा कोठून?

कस्टर्ड झाले, आता ते गोठवायचे. विजेचे शीतकपाट ही अलीकडची सोय. त्याआधी गारवा मिळवण्याच्या दोन युक्त्या होत्या आणि दोन्ही मिठांच्या होत्या.

पहिली युक्ती सोऱ्याची. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. अकबराच्या दरबारातील ही रीत अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवली आहे. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा घालायचा आणि त्यात एक शेर पाण्याची धातूची बंद सुरई पाव तास फिरवत ठेवायची. या रीतीने पाणी गार होई. आइस्क्रीम गोठवण्यास लागते तेवढी थंडी मात्र तिने सहज मिळत नाही.

दुसरी युक्ती बर्फ आणि मीठ यांची. बर्फावर मीठ टाकले की बर्फ वितळू लागतो. वितळण्यासाठी प्रत्येक ग्रॅम बर्फाला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती तो आसपासच्या वस्तूंकडून ओढून घेतो आणि मिश्रणाचे तापमान शून्याच्या खाली घसरते. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते. मिठाचे पाणी त्याहून खाली. मिठाचे प्रमाण सुमारे २३ टक्के असेल, तर ही मर्यादा उणे २१ अंशांपर्यंत जाते. फॅरनहाइट यांनी १७२४ साली आपल्या तापमापकाचा शून्य ठरवला, तोही बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या अशाच थंड मिश्रणावरून. म्हणजे विज्ञानाचे एक मोजमाप आणि मिठाईवाल्याची बादली यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ही कला भरभराटीस आली. १७६८ साली पॅरिसमध्ये एमी यांचे केवळ अशा गोठवलेल्या पदार्थांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हा धातूचे झाकणाचे भांडे बर्फ-मिठात ठेवून हाताने फिरवत आणि मधून मधून उघडून कडेचा थर खरवडत. हे काम कष्टाचे होते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ साली हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेतले. दांडा फिरवला की आतली पाती मिश्रण सतत खरवडते आणि ढवळते. आपल्याकडे उन्हाळ्यात पॉटचे आइस्क्रीम ज्यात करतात, ती लाकडी बादली याच यंत्राची वंशज आहे.

बादलीला दांडा मिळाला तरी उष्ण देशात बर्फ कोठून येणार? बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने पाठवण्याचा धंदा उभारला. १८३३ साली त्यांचे ‘टस्कनी’ जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी ते कलकत्त्याला पोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईतही हा बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि त्यानंतर यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाले, अशी हकीकत मुंबईच्या इतिहासात सांगितली जाते. मद्रासला १८४२ च्या सुमारास बांधलेले बर्फघर आजही उभे आहे. पुढे स्वामी विवेकानंदांच्या मुक्कामामुळे त्याला त्यांचे नाव मिळाले.

साय नसेल तर?

अंड्याला पर्याय मिळाला, गारवाही मिळाला. उरले दूध. आइस्क्रीममध्ये दुधातल्या स्निग्धांशाचे काम काय, हे टंचाईच्या काळात स्पष्ट झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १९४२ साली आइस्क्रीम बनवण्यावरच बंदी घातली होती. बंदी उठली, तरी लोणी व दूध यांचे रेशनिंग पुढे कित्येक वर्षे चालले. त्यामुळे कारखानदार वनस्पतिजन्य चरबीकडे वळले.

येथे एक अडचण होती. कोणतेही तेल चालत नाही. आइस्क्रीम ढवळताना त्यात हवेचे बारीक बुडबुडे शिरतात. त्यांना धरून ठेवण्यासाठी स्निग्धांश थंडीत काही अंशी घट्ट व्हावा लागतो. तोंडात मात्र तो वितळला पाहिजे. थंडीच्या दिवसांत बाटलीतले खोबरेल थिजते आणि शेंगदाण्याचे तेल थिजत नाही, हे आपण घरी पाहतोच. खोबरेल सुमारे २४ अंशांना वितळते. म्हणजे बर्फाळ भांड्यात ते घट्ट आणि जिभेवर पातळ! दुधातली चरबी गेल्यावर तिची जागा नारळ इतकी चांगली घेतो, ती याच गुणामुळे.

नारळाच्या प्रदेशांना हे नवे नव्हते. श्रीलंकेचे वटलप्पम म्हणजे नारळाचे दूध, गूळ आणि अंडी यांचे कस्टर्डच. गोव्याच्या बेबिंकातही अंड्याचा बलक आणि नारळाचे दूध एकत्र येतात. थायलंडमध्ये नारळाच्या दुधाचे आइस्क्रीम रस्तोरस्ती विकले जाते.

पुढे पुन्हा एका पथ्याने चालना दिली. ज्यू धर्मनियमांप्रमाणे मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. त्यामुळे मांसाहारी जेवणानंतर आइस्क्रीम वर्ज्य. न्यूयॉर्कचे उपाहारगृहचालक डेव्हिड मिन्ट्झ यांनी सोयाबीनच्या टोफूपासून आइस्क्रीम बनवले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस ते बाजारात आणले.

दूध कोणाला पचते?

दुधात लॅक्टोज ही शर्करा असते. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. दूध सुटल्यानंतर बहुतेक माणसांत ते कमी होत जाते. मग न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात पोचते, तेथे जीवाणू ती आंबवतात आणि पोटात गुबारा धरतो, कळा येतात, जुलाब होतात.

पाश्चात्त्य वैद्यकात ही स्थिती बराच काळ अपवाद समजली जाई. १९६५-६६ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी गौरवर्णीय व कृष्णवर्णीय प्रौढांची तुलना केली, तेव्हा कृष्णवर्णीयांमध्ये लॅक्टेजची कमतरता कितीतरी अधिक आढळली. पुढे इतर देशांतून माहिती येत गेली आणि चित्र उलटे झाले. जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये हे विकर कमी असते. मोठेपणीही दूध सहज पचणे, हाच जगाच्या दृष्टीने अपवाद! ‘मला नको’ म्हणणारा विद्यार्थी अशक्त किंवा नाटकी नसतो, हे शिक्षकांना ठाऊक असले पाहिजे.

एक फरक ध्यानात ठेवावा. लॅक्टोज न पचणे वेगळे आणि दुधातील प्रथिनांची ॲलर्जी वेगळी. ॲलर्जीत थोडेसे दूधही गंभीर ठरू शकते. बाजारातले ‘फ्रोझन डेझर्ट’ वनस्पतिजन्य चरबीचे असते, पण त्यात बहुधा दुधाची भुकटी असतेच. म्हणून वेष्टनावरचा मजकूर वाचणे आवश्यक.

आता करून पाहू

दोन मोठे नारळ खवून, कोमट पाणी घालून वाटावेत व पिळून अर्धा लिटर दाट दूध काढावे. त्यातील अर्धी वाटी गार दूध बाजूला ठेवून त्यात १५ ग्रॅम कस्टर्ड पावडर गुठळी न होता कालवावी. उरलेल्या दुधात १०० ग्रॅम साखर व चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ठेवावे. ते गरम झाले की कालवलेली पावडर घालून सारखे ढवळावे. चमच्याच्या पाठीला थर धरू लागला की उतरवावे. नारळाचे दूध खळखळून उकळले तर फुटते, हे सोलकढी करणाऱ्या घरात सांगायला नको. मिश्रण पूर्ण गार झाल्यावर हवा तर वाटीभर आमरस घालावा.

हे मिश्रण झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावे. बादलीत डब्याभोवती तीन भाग बारीक फोडलेला बर्फ आणि एक भाग खडे मीठ यांचे थर द्यावेत. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळावे. ते उष्णतेचे दुर्वाहक आहे. डबा सतत फिरवावा आणि दर पाच मिनिटांनी उघडून कडेचा थर खरवडून मिसळावा. खारट पाणी आत जाऊ देऊ नये. अर्ध्या-पाऊण तासात मऊ आइस्क्रीम तयार होते. बर्फ-मिठाच्या मिश्रणात उघडा हात घालू नये. इतक्या थंडीने कातडीला इजा होते. तापमान मोजायचे तर शून्याखालील खुणा असलेला अल्कोहोलचा तापमापक घ्यावा.

वर्गात तीन लहान डबे करावेत. पहिल्यात वरचे मिश्रण, दुसऱ्यात कस्टर्ड पावडर न घालता, तिसऱ्यात नारळाच्या दुधाऐवजी पाणी घालून. तिन्ही सारखा वेळ गोठवावेत. चव घेण्याआधी विद्यार्थ्यांना अंदाज लिहायला सांगावा: कशात बर्फाचे खडे जास्त लागतील? कोणते आधी वितळेल? चौथा डबा न ढवळता ठेवला, तर नॅन्सी जॉन्सन यांच्या दांड्याचे मोलही कळेल.

आणि हे आइस्क्रीम वाटताना वर्गातल्या कोणालाही बाजूला सरावे लागणार नाही, एवढे मात्र पाहावे. नारळ कोणाला चालत नाही का, हे अर्थातच आधी विचारून घ्यावे. तसा कोणी निघालाच, तर नारळाऐवजी काय घेता येईल आणि ते थंडीत थिजते का, हा पुढचा प्रयोग आपोआप ठरतो.