लघुमूर्ती-रंगकाम

टेबलावर खेळायच्या युद्धखेळांतील सैनिक, राक्षस, घोडेस्वार इत्यादींच्या छोट्या मूर्ती हाताने रंगवण्याचा छंद. माणसाच्या आकृतीची उंची बहुधा २८ मिमी.च्या आसपास असते. शिशाच्या सैनिकांना घेऊन घरात युद्ध खेळण्याचे नियम एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकात मांडले. मात्र आजच्या छंदाला वळण दिले ते ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या ‘वॉरहॅमर’ (१९८३) या खेळाने. पूर्वी मूर्ती शिसेमिश्रित धातूच्या असत, आता बहुतेक प्लॅस्टिकच्या असतात.

मूर्तीवर आधी अस्तर (प्रायमर) मारतात, मग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग पातळ करून थरावर थर देतात. पातळ गडद रंगाचा हात फिरवला की तो घड्यांत व खाचांत उतरून सावली आपोआप पडते. नंतर जवळजवळ कोरडा केलेला ब्रश उंचवट्यांवरून घासतात, म्हणजे तेवढाच भाग उजळतो. डोळे सर्वांत अवघड. त्यासाठी ब्रश बारीक असण्यापेक्षा त्याचे टोक नेमके असणे महत्त्वाचे. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे दाट रंग. त्याने कोरीव तपशील बुजतो.

कित्येकजण खेळतच नाहीत, नुसते रंगवतात. लक्ष एका इंचावर खिळलेले असताना इतर विचार मागे पडतात, हेच त्याचे कारण असावे. तरीही चुरस आहेच: ‘गोल्डन डेमन’ ही स्पर्धा १९८७ पासून भरते व तिच्या सर्वोच्च विजेत्याला खरीखुरी तलवार मिळते.