डार्विनला न सुटलेले कोडे आणि आषाढातली आमरी

#मराठी #थ्रेड

१/ पावसाळी रविवारी जुईनगर स्थानकावर पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत भटक्यांची गर्दी असते. कोणी कर्नाळ्याला निघालेले असते, कोणी पुढे खंडाळ्याला. सायंकाळी परतताना एखाद्याच्या पिशवीतून मातीसकट उपटलेले रोप डोकावते. काही वर्षांपूर्वी ती पिशवी माझी होती आणि रोप होते आषाढ आमरीचे. जमिनीला चिकटलेले एकच गोल पान, त्यावर पांढरी फुले. कुंडीत तिला उत्तम माती, खत, सावली, सारे काही दिले. पुढच्या आषाढात कुंडीत काहीही उगवले नाही. असे का व्हावे, याच्या शोधात जो इतिहास हाती लागला तो आज सांगतो.

२/ आमरी म्हणजे ऑर्किड. झाडाच्या फांदीवर वाढणारी आमरी सर्वांना ठाऊक असते, पण सह्याद्रीत जमिनीत कंद धरून राहणाऱ्या आमरीही पुष्कळ आहेत. वर्षातले बरेच महिने त्या मातीखाली निद्रिस्त असतात, पाऊस आला की वर येतात आणि बी धरून पुन्हा नाहीशा होतात. अनेक जातींत कंदांची जोडी असते. एक यंदाचा, झिजत चाललेला आणि दुसरा पुढील वर्षाचा. ग्रीकांनी या जोडीवरून वनस्पतीला वृषणाचे नाव दिले आणि ‘ऑर्किड’ हा शब्द तिथूनच आला. त्या साधर्म्यामुळे कंद शक्तिवर्धक ठरले. आपल्याकडे सालममिश्री म्हणून विकले जाणारे कंदही आमरींचेच. कंद खणणारा यंदाच्या रोपासोबत पुढच्या वर्षाचेही रोप नेत असतो.

३/ आता डार्विन. १८६२ साली त्याने ऑर्किडच्या परागीभवनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एका इंग्लिश जमिनीवरील आमरीच्या एका बोंडात त्याने अंदाजे ६,२०० बिया मोजल्या. एका रोपावर ३० बोंडे, म्हणजे सुमारे १,८६,००० बिया! साऱ्या रुजल्या तर काही पिढ्यांतच पृथ्वीवरील जमीन व्यापली जाईल, असे गणितही त्याने मांडले. मग ही रोपे इतकी विरळ का? याचे उत्तर आपल्याजवळ नाही, अशी कबुली त्याने दिली. मला हा त्या ग्रंथातील सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

४/ उत्तर सापडले १८९९च्या मे महिन्यात, फ्रान्समधील मेलाँजवळच्या जंगलात. नोएल बेर्नार हा २५ वर्षांचा तरुण तेव्हा लष्करी सेवेत होता. हिरवा रंगच नसलेल्या ‘निओटिया’ नावाच्या आमरीचा फळांसह मातीत गाडला गेलेला एक दांडा त्याला मिळाला. फळांतल्या बिया अंकुरल्या होत्या आणि प्रत्येक अंकुरात बुरशीचे तंतू होते.

५/ आमरीचे बी धुळीच्या कणाइतके असते. ज्वारीच्या दाण्यात अंकुरासाठी पिठाची शिदोरी असते, तशी यात जवळपास नसतेच. मातीतल्या विशिष्ट बुरशीचा तंतू आत शिरला, पेशींत त्याची वेटोळी झाली आणि अंकुराने ती पचवली, तरच तो जगतो. हिरवे पान फुटेपर्यंत त्याचे पोषण बुरशीच करते. लाखातील बहुतेक बियांना हा जोडीदार भेटतच नाही. डार्विनच्या कोड्याचा मोठा भाग इथे सुटतो. बेर्नार १९११ साली, अवघ्या ३६व्या वर्षी वारला.

६/ १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन याने साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीविनाच बिया रुजवून दाखवल्या. दादरच्या फूलबाजारातील जांभळ्या ऑर्किडमागे काचेच्या बाटलीतील हेच तंत्र आहे. रानातल्या आमरीला मात्र ती बाटली कोण देणार?

७/ दुसरा जोडीदार कीटक. सह्याद्रीतील वाघचौरा (पेक्टेलिस गिगँटिया) ही मोठी, शुभ्र आमरी पाहा. फुलामागे बोटाहून लांब नळी असते आणि मध तिच्या तळाशी. तेथवर पोहोचते ती हॉक मॉथ या पतंगांची लांब सोंड. पतंग हवेत स्थिर राहून मध पितो आणि त्याच्या अंगाला परागांचे गठ्ठे चिकटतात. पांढरा रंग आणि रात्री दरवळणारा गंध हे त्याच्यासाठीचे आमंत्रण. (जुईनगरच्या नावात जी जुई आहे, तीही सायंकाळीच उमलते.) याच गणातील एका आमरीला सतराव्या शतकात अंबोन बेटावरील रुंफिउसने आपल्या पत्नीचे, सुझानाचे नाव दिले. १६७४च्या भूकंपात ती मृत्यू पावली.

८/ आपल्याकडील आमरींची शास्त्रीय नोंद प्रामुख्याने मुंबईत झाली. आषाढ आमरीचे आजचे शास्त्रीय नाव ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी दिले. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्पॅनिश जेझुइट फादर सांतापाव यांनी खंडाळा पायी धुंडाळला. १९५३ साली त्यांचा तेथील वनस्पतींवरील ग्रंथ आला आणि १९६६ साली झरीर कपाडियांसह ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’. पाचगणीचे नाव मिरवणारी ‘हबेनारिया पाचगणिएन्सिस’ ही या दोघांनीच वर्णिलेली जात.

९/ विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, तेव्हा झाडांची मोजणी आणि पुनर्रोपण यांची पुष्कळ चर्चा झाली. मोठे झाड निदान मोजता येते. पण ज्येष्ठात मोजणी केली तर आषाढात उगवणारे पान यादीत येणार कसे? आणि बुरशी तर कोणत्याच यादीत नसते. टेकडीची माती भरावात गेली की तिची रचना, तिचा ओलावा आणि त्यातले तंतूंचे जाळे, सारेच विस्कटते.

१०/ माझ्या कुंडीतल्या आमरीचा कंद शाबूत होता. माती मात्र रोपवाटिकेतली होती. खंडाळ्याची माती मी मुळांवरून नीट धुऊन टाकली होती, स्वच्छता म्हणून.