अँकर (उंचीवरील कामासाठीचा)

उंचीवर काम करणाऱ्याच्या हार्नेसची दोरी ज्या पक्क्या ठिकाणी अडकवतात ते ठिकाण म्हणजे अँकर. स्लॅबच्या खालच्या अंगाला बसवलेली कडी, कारखान्याच्या छतावर ओळीने उभे केलेले खुंट आणि त्यांतून ओवलेला वायर रोप, पोलादी बीमला गुंडाळलेला पट्टा, सपाट गच्चीवर ठेवलेले अवजड वजन, अशी त्याची रूपे अनेक असतात. काम मात्र एकच. माणूस पडलाच तर झटका सोसायचा आणि जागचे हलायचे नाही.

बांधकामावर हार्नेसला सरसकट ‘बेल्ट’ म्हणतात, आणि सुरक्षेची चौकशी बहुधा बेल्टपाशीच संपते. बेल्ट घातला आहे की नाही हे खालूनही दिसते. हुक कशात अडकवला आहे हे पाहायला वर चढावे लागते. मग तो खिडकीच्या ग्रिलमध्ये, पाण्याच्या पाइपात, नाहीतर ज्या परांचीवर माणूस उभा आहे तिच्याच बांबूत अडकवलेला सापडतो. परांची कोसळली तर बेल्टसकट माणूस तिच्याबरोबर जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

अँकर किती वर आहे यावर बरेच काही ठरते. तो डोक्यावर असेल तर दोरी लगेच ताठ होते. तोच पायाशी असेल आणि दोरी दोन मीटरची असेल, तर ती ताणली जाईपर्यंत माणूस सुमारे साडेतीन मीटर पडलेला असतो आणि त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या घरात गेलेला असतो. दोरीला जोडलेला शॉक अॅब्सॉर्बर हा झटका ६ किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे जवळजवळ ६०० किलोच्या ओढीपर्यंत आणतो, पण त्यासाठी त्याची शिवण उसवत तो १.७५ मीटरपर्यंत लांबतो. दोरीचे २ मीटर, हे पावणेदोन, हार्नेसच्या कडीपासून पावलापर्यंतचे दीड आणि राखीव एक, असे मिळून अँकरच्या खाली सव्वासहा मीटर जागा मोकळी लागते. मजला तीन मीटरचा धरला तर दुसऱ्या मजल्याच्या कडेवर पायाशी हुक अडकवलेल्या माणसाला ती पुरत नाही. राखीव जागा खाल्ली जाते, आणि अँकर अभंग राहिला तरी माणूस जमिनीवर आपटण्याचा धोका राहतो.

अँकरची ताकद किती असावी याबद्दल दोन आकडे वारंवार कानावर येतात. अमेरिकेच्या ओशा या सरकारी यंत्रणेचा नियम माणशी ५,००० पौंडांचा, म्हणजे २२.२ किलोन्यूटनचा आहे. युरोपच्या ईएन ७९५ या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत धातूच्या अँकरला १२ किलोन्यूटनचा भार तीन मिनिटे पेलावा लागतो. फरक वाटतो तेवढा मोठा नाही. युरोपचा आकडा अॅब्सॉर्बरच्या सहाची दुप्पट आहे, आणि अमेरिकेतही जाणकाराच्या देखरेखीखाली अपेक्षित झटक्याच्या दुप्पट ताकदीची रचना चालते. ईएन ७९५ चा अँकर एकाच माणसासाठी असतो, हे मात्र विसरले जाते. एका कडीत तिघांचे हुक दिसले की हा हिशेब कोलमडतो.

आडव्या लाइफलाइनबाबत तर अंदाज हमखास चुकतो. दोन टोकांमधला वायर रोप तानपुऱ्याच्या तारेसारखा ताणून बसवला म्हणजे काम चोख झाले असे वाटते. प्रत्यक्षात मधोमध ६ किलोन्यूटनचा झटका बसला आणि रोप आडव्या रेषेशी दोन्ही बाजूंना जेमतेम ५ अंशांचा कोन करत असेल, तर टोकाच्या प्रत्येक अँकरवर ३४ किलोन्यूटनची ओढ येते. कोन १५ अंश झाला की ती साडेअकराच्या आसपास उतरते, पण मग रोप जास्त खाली झुकतो आणि खालची मोकळी जागा वाढवावी लागते. म्हणून अशा लाइनच्या टोकाला झटका शोषणारा भाग बसवतात आणि तिचा हिशेब इंजिनिअरकडून करून घेतात.

अँकर बसवताना भोक कशात पडते आहे, हा पहिला प्रश्न. आपल्याकडच्या गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगसाठी ब्रिकबॅट कोबा घातलेला असतो. वरून तो काँक्रीटसारखाच कडक लागतो. खाली विटांचे तुकडे असतात आणि आरसीसी स्लॅब त्याच्याही खाली. कोब्यातच संपलेला बोल्ट दिसायला उत्तम असतो आणि कामाचा शून्य. पोकळ ब्लॉक किंवा एएसी ब्लॉकच्या भिंतीचीही तीच कथा. काँक्रीट चांगले असले तरी कडेच्या फार जवळ बसवलेला प्रसरण बोल्ट कोपऱ्याचा ढलपा घेऊन बाहेर येऊ शकतो. नट आवळायचा तो टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापाइतकाच. हाताच्या अंदाजाला इथे वाव नाही.

भोकात रेझिनने चिकटवलेल्या, म्हणजे केमिकल अँकरमध्ये खरा शत्रू धूळ. ड्रिलने पडलेल्या भोकात पिठासारखी भुकटी भिंतीला चिकटून राहते आणि रेझिन काँक्रीटऐवजी तिलाच धरते. म्हणून आधी पंपाने फुंकायचे, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा फुंकायचे. नळीतून आलेला पहिला रेझिन नीट मिसळलेला नसतो, तो फेकून द्यायचा. मग नळीचे टोक तळाला टेकवून भोक खालून वर भरत यायचे आणि रॉड पिळत आत घालायचा. तोंडाशी थोडा रेझिन बाहेर आला की पोकळी राहिली नाही असे समजतात. यानंतर हात लावायचा नाही. किती वेळ, ते तापमानावर ठरते आणि कार्ट्रिजबरोबरच्या तक्त्यात दिलेले असते. घाईच्या साइटवर हीच पायरी गाळली जाते.

बसवलेला अँकर ओढून पाहतात. ब्रिटनच्या बीएस ७८८३ प्रमाणे ही ओढ ६ किलोन्यूटनची आणि किमान १५ सेकंदांची असते. बोल्टची कमाल ताकद मोजण्यासाठी ती नसते; बसवणी बरी झाली आहे का, एवढेच ती सांगते. तिची मर्यादा बॉस्टनमध्ये उघडी पडली. १० जुलै २००६ रोजी तिथल्या महामार्गाच्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे फलक एका मोटारीवर कोसळले आणि एक महिला ठार झाली. फलक टांगणारे अँकर एपॉक्सीत बसवलेले होते आणि ओढीच्या चाचणीत उत्तीर्णही झाले होते. पण लवकर सुकणारे ते एपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू सरकत राहणारे होते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले. बोगद्याची नियमित तपासणी झाली असती तर हे सरकणे दिसले असते. माणसाला वाचवणाऱ्या अँकरवर असा कायमचा भार नसतो हे खरे, तरी बसवणीच्या दिवशीचा कागद पुढच्या वर्षांची हमी देत नाही.

गंज हा दुसरा छुपा धोका. स्टेनलेस स्टील गंजत नाही या समजाला स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी तडा गेला. ९ मे १९८५ रोजी तिथल्या बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण दगावले. स्टेनलेसचे टांगदांडे क्लोराइडमुळे आतून चिरत गेले होते. थायलंडच्या समुद्रकाठच्या कड्यांवर प्रस्तरारोहकांचे स्टेनलेस बोल्ट याच कारणाने तुटू लागले, तेव्हा तिथे टायटेनियमचे बोल्ट रेझिनमध्ये बसवायला सुरुवात झाली. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत अँकरचे स्टील निवडताना आणि तपासताना हे ध्यानात ठेवावे लागते.

तपासणी दोन पातळ्यांवर चालते. वापरणाऱ्याने हुक अडकवण्यापूर्वी पाहायचे: कडी हलते का, वाकली आहे का, भोवती काँक्रीटला चीर आहे का, पट्टी वाचता येते का. जाणकाराकडून सविस्तर तपासणी बारा महिन्यांत किमान एकदा, अशी ईएन ३६५ ची अपेक्षा आहे. दोरावरून इमारतीच्या बाहेरून उतरून होणाऱ्या कामांसाठी ओशाने २०१७ पासून इमारतीच्या मालकालाच बांधले आहे: दरवर्षी तपासणी, निदान दहा वर्षांतून एकदा प्रमाणपत्र, आणि अँकर तपासलेले आहेत हे कंत्राटदाराला लेखी कळवणे. काचा पुसायला येणाऱ्यांनी गच्चीवर जे दिसेल त्याला दोर बांधावा, ही पद्धत त्यामुळे तिथे बेकायदा ठरते. बसवतानाचे फोटो, भोकाची खोली, रेझिनचा बॅच क्रमांक आणि जागेचा नकाशा फाइलला लावून ठेवला नाही, तर वॉटरप्रूफिंगचा नवा थर पडल्यावर अँकर कुठे आणि कसा बसवला हे कोणालाच सांगता येत नाही.

ज्या अँकरने एकदा पडणाऱ्याला धरले तो जाणकाराने पाहीपर्यंत वापराबाहेर ठेवतात. नापास झालेला केमिकल अँकर काँक्रीट फोडल्याशिवाय सहसा निघत नाही, त्यामुळे त्याची कडी पृष्ठभागालगत कापून टाकतात आणि नवा अँकर जुन्या भोकापासून ठरलेले अंतर सोडून बसवतात. नुसती लाल फीत बांधून ठेवली, तर ती पहिल्याच पावसाळ्यात निघून जाते आणि कडी मात्र तिथेच राहते.