जुन्नरकरांचा समुद्र

जुन्नर शहर समुद्रकाठीं नाहीं, हें सांगण्यास संशोधक नको. तथापि जुन्नर किंवा आंबेगांव तालुक्यांतील एखाद्या गृहस्थास समुद्र पाहावयास कोठें जातां असें विचारलें, तर तो मुंबईची चौपाटी नाहीं तर अलिबागकडचा किनारा सांगतो. माळशेज उतरून कल्याणावरून जावें, कीं पुण्याकडून बोरघाटानें, एवढाच काय तो त्याच्यापुढें प्रश्न असतो. दोन दिवस हवा खावी, वाळूंत पाय बुडवावे, भेळ खावी व परत फिरावें, हा समुद्रदर्शनाचा हेतु मात्र अगदीं अलीकडचा आहे. जुन्नरकर समुद्रावर जात आले ते दोन हजार वर्षें. ते कां जात, कोणत्या वाटेनें जात आणि तिकडून काय येई, याचीं साधनें एकत्र मांडावीं, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यांतून निघणारी एक गोष्ट आरंभींच सांगून टाकतों. जुन्नरचा इतिहास राजधान्यांच्या अनुरोधानें लिहिण्याची आपली रीत पडली आहे. परंतु या शहराचें दैव राजधान्यांपेक्षां बंदरांनीं अधिक ठरविलें. बंदर बदललें कीं वाट बदले, आणि वाट बदलली कीं शहराची कळा बदले.

प्रथम दगडाचा पुरावा घेऊं. जुन्नरभोवतालच्या डोंगरांत दीडशेंहून अधिक लेणीं आहेत. त्यांतील लेखांत दान करणाऱ्यांचीं गांवें पाहत गेलें म्हणजे किनारा आपोआप पुढें येतो. कल्याणचा एक सोनार, कुडिराचा पुत्र सघक, येथें एक पोढी, म्हणजे पाण्याचें टांकें, देतो. भरुकच्छाचे, म्हणजे भडोचचे, बुद्धमित्र व बुद्धरक्षित हे बंधु दोन गर्भांचें लेणें देतात. इरिल, चिट व चंद्र अशा तिघां यवनांचीं दानें निरनिराळ्या लेखांत नमूद आहेत. एकानें टांकीं दिलीं, एकानें भोजनमंडप दिला, एकानें गर्भद्वार दिलें. यवन म्हणजे अस्सल ग्रीकच असा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. त्या काळीं पश्चिमेकडून गलबतांनीं येणाऱ्या कोणासहि हा शब्द लागत असावा. पण ते बंदरांतून वर आले, घाट चढून आले व येथें द्रव्य खर्च करण्याइतके रमले, एवढें निश्चित म्हणतां येतें. कल्याण हें खाडीवरचें, खाऱ्या पाण्याच्या शेजारचें गांव. तेथल्या सोनारानें डोंगरावर येऊन गोड्या पाण्याची सोय करावी, हा योग मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. घाट चढून आलेल्या माणसास पहिली गरज कशाची असते, तें त्यास अनुभवानें ठाऊक असणार.

मानमोडीच्या डोंगरांतील अयम अमात्याचा लेख याच मालिकेंत धरला पाहिजे. वत्सगोत्री अयम हा महाक्षत्रप नहपानाचा अमात्य. वर्ष ४६ मध्यें त्यानें मंडप व पोढी दिली. त्याच नहपानाचा जामात उषवदात याचा नाशिकच्या लेण्यांतील लेख यासमोर ठेवावा, म्हणजे किनाऱ्यावरचा प्रवास त्या काळीं कसा चाले याचें चित्र मिळतें. दमणा, तापी, डाहणूका इत्यादि नद्यांवर उषवदातानें फुकट नावा ठेविल्या, दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया केल्या. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें चौसोपी धर्मशाळा बांधिल्या. नानंगोल गांवचीं ३२,००० नारळीचीं झाडें त्यानें चरकांच्या परिषदांस दिलीं. हें नानंगोल म्हणजे उंबरगांवाजवळचें नारगोळ असावें असें मानण्यांत येतें. आज ज्या किनाऱ्यांवर लोक नारळाच्या सावलींत बसावयास जातात, त्या बाजूच्या नारळींचा हा पहिला हिशोब आहे. समुद्रकाठच्या यात्रेस त्या वेळीं मौजेचें नांव नव्हतें, तीर्थाचें होतें. महाभारताच्या वनपर्वांत युधिष्ठिर शूर्पारकास येतो व तेथून समुद्रकिनाऱ्यानें प्रभासाकडे जातो. उषवदातहि प्रभासास दान करतो. म्हणजे शूर्पारक ते प्रभास हा किनारा तीर्थवाट म्हणून रुळलेला होता, आणि जुन्नरचा मनुष्य नाणेघाट उतरला कीं त्या वाटेस लागे.

शूर्पारक म्हणजेच सोपारा. तेथील बुरूड राजाच्या कोटाचें उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ मध्यें केलें व त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा तेथें उजेडांत आला. नवव्या शासनाचा तुकडा १९५६ मध्यें जवळच्या भुईगांवीं मिळाला. यावरून ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतच येथें राजाज्ञा कोरण्याजोगी वर्दळ होती हें उघड आहे. पुढें पेरिप्लसकार सुप्पारा, कल्लिएना व सेम्युल्ला, म्हणजे सोपारा, कल्याण व चौल, हीं बंदरें सांगतो. कल्याणविषयीं त्यानें लिहिलेली हकीकत जुन्नरच्या अभ्यासकानें विसरूं नये. थोरल्या सातकर्णीच्या वेळीं तें रीतसर बाजाराचें बंदर होतें. पुढें संदनेसाच्या हातीं गेल्यावर तेथें चुकून शिरलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जात. कल्याण बंद व भडोच चालू, याचा अर्थ नाणेघाट ओस व उत्तरेकडील वाटा भरभराटींत, असा होतो. जुन्नरच्या लेखांत कल्याणकर व भडोचकर दोघेहि भेटतात, याचें कारण या ओढाताणींत शोधावें असें माझें मत आहे.

आतां नाणेघाट. जुन्नरच्या पश्चिमेस सुमारें दहा कोसांवर घाटघरापाशीं जीवधनाच्या शेजारीं हा घाट फुटतो व खालीं वैशाखऱ्याकडे उतरतो. माथ्यावरील लेण्यांत नागनिका राणीचा प्रसिद्ध लेख आहे. यज्ञांचीं व दक्षिणांचीं नांवें आणि अंक यांमुळें तो विद्वानांस परिचित आहे. सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णी इत्यादिकांच्या मूर्ति तेथें होत्या. आज पावलें आणि वरचीं नांवें तेवढीं उरलीं आहेत. एवढें राजकुल एका खिंडींतील लेण्यांत कां कोरावें? राजधानी तर दूर प्रतिष्ठानास. उत्तर एकच दिसतें: राजाचें वैभव ज्याच्यावर पोसलें तें याच खिंडींतून वर येत होतें, आणि वर येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या दृष्टीस राजा पडावा अशी योजना होती. घाटमाथ्यावरील दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें प्रत्येक वाटाड्या सांगतो. ही गोष्ट मोठी गोड आहे. मात्र तिला लेखाचा आधार नसल्यामुळें मी तिच्यावर भिस्त ठेवीत नाहीं. जकात होती हें मानावयास रांजणाची गरज नाहीं. घाटाची रुंदीच पुरेशी साक्ष देते.

यानंतर अनेक शतकें उलटून आपण एकदम बहामनी अमदानींत येतों. या वेळीं जुन्नरचें बंदर चौल झालें होतें. इ. स. १४६९ च्या सुमारास त्व्हेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितीन हुर्मुजाकडून एक घोडा घेऊन चौलास उतरला व तेथून पाली, उम्रीवरून जुन्नरास आला. त्यानें दिलेले मजलांचे दिवस मिळविले तर चौलाहून जुन्नर तीन आठवड्यांहून अधिक होतें. अंतर पाहतां ही चाल फार मंद आहे. वाटेंत बरेच मुक्काम झाले असले पाहिजेत. त्याची पाली ही सुधागडाखालची धरल्यास तो नाणेघाटानें आला नाहीं हें स्पष्टच होतें, कारण तिकडून बोरघाट किंवा त्याच्या दक्षिणेकडील वाटाच सोयीच्या. जुन्नरास पावसाळ्यानें त्यास गांठलें. चिखल, पाणी आणि पेरणी यांचें त्यानें वर्णन केलें आहे. येथील अधिकारी असदखान यानें त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान झाल्यास घोडा व वर सोन्याचीं १,००० नाणीं देऊं, न झाल्यास घोडा जाईल व दंडहि भरावा लागेल, असें सांगितलें. महंमद नांवाच्या एका खुरासानी अमलदाराच्या मध्यस्थीनें तो सुटला. ही हकीकत परक्या प्रवाशाची गंमत म्हणून सांगण्यांत येते. मला तींत दुसरें कांहीं दिसतें. एका घोड्यासाठीं जुन्नरचा अधिकारी इतका हट्टास पेटतो, कारण चांगला घोडा या देशांत समुद्रावरूनच येई. किनाऱ्यावरून काय आलें हें जुन्नरच्या सत्ताधीशांच्या जीवनमरणाचें होतें. पुढें इ. स. १४९० त मलिक अहमद येथें स्वतंत्र झाला व कांहीं वर्षांनीं राजधानी अहमदनगरास गेली. चौल मात्र निजामशाहीचें बंदर म्हणून राहिलें.

इ. स. १६५७ हें वर्ष या दृष्टीनें विशेष आहे. त्या एप्रिलांत शिवाजीमहाराजांनीं जुन्नरवर छापा घातला आणि त्याच वर्षाच्या अखेरीच्या सुमारास कल्याण-भिवंडी घेतली. शिवनेरीवर जन्मलेल्या पुरुषानें घाटाचें वरचें तोंड आधीं चांचपावें व मग खालचें हस्तगत करावें, हा क्रम योगायोगाचा नाहीं. आरमाराचा आरंभ कल्याणच्या खाडींतून झाला हें सर्वश्रुतच आहे. पण जुन्नर मोगलांकडे राहिलें. तेव्हांपासून घाट ही सरहद्द झाली, आणि येथें डॉक्टर जॉन फ्रायर आपल्या उपयोगी पडतो.

फ्रायर हा इंग्रज कंपनीचा वैद्य. इ. स. १६७५ त जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून तो मुंबईहून निघाला. कल्याणच्या भग्नावशेषांची थोरवी त्यानें वर्णिली आहे. मुरबाडाकडून घाट चढतांना मात्र वाट चुकली. त्यास नाणेघाटाऐवजीं दुसऱ्याच, अधिक अवघड घाटानें वर नेण्यांत आलें. गॅझेटियरकार या घाटास आवापा म्हणतात. तो आंबेगांव तालुक्यांतील आहुप्याचा घाट होय असें मला वाटतें. आहुप्याच्या बाजूस घोड नदी उगम पावते आणि तिच्या खोऱ्यानें आंबेगांवास व तेथून उत्तरेस डोंगर ओलांडून जुन्नरास येतां येतें. ही भौगोलिक स्थिति पाहिली म्हणजे त्याची चूक कोणत्या वाटेनें झाली असेल हें ध्यानांत येतें. परततांना तो नाणेघाटानें उतरला व ती वाट त्यास जवळची व सोपी वाटली. मात्र माथ्यावर त्यास खोळंबावें लागलें, कारण मिठानें लादलेले ३०० बैल वाट अडवून होते.

या तीनशें बैलांवर मी वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. मीठ हें कोंकणचें. म्हणजे हे बैल खालून वर आलेले. खालीं मराठ्यांचा अंमल, वर मोगलांचा, दोघांचें हाडवैर, राज्याभिषेकास जेमतेम एक वर्ष झालेलें. आणि तरीहि तीनशें गोण्यांवर गोण्या भरून समुद्र नाणेघाट चढतो आहे. ज्या जुन्नरकरानें जन्मांत समुद्र पाहिला नसेल त्याच्याहि भाकरींत तो रोज येत होता. लढाईनें यवन थांबले, घोडे थांबले, गलबतें पहाऱ्यांत गेलीं. मीठ थांबलें नाहीं. राजकीय बखरींत याचा एक शब्द नाहीं. एका वैद्याचा खोळंबा झाला म्हणून आपणांस तें कळलें.

घाटाचें हें महत्त्व आगगाडीनें संपविलें. १८५३ त मुंबईहून ठाण्यास गाडी आली व १८६३ त बोरघाट चढली. तेव्हांपासून माल पुण्यावरून फिरूं लागला, नाणेघाटावर डोंगर चढण्याची हौस असलेले व लिपि वाचणारे तेवढे उरले. जुन्नर-आंबेगांवचीं माणसें मात्र पोटासाठीं मुंबईस गेलीं, आणि समुद्र पाहण्याची सहल ही सुटीच्या दिवशीं चौपाटीवर भाऊबंदांस भेटण्याच्या निमित्तानें घरोघर पोंचली.

राहिला प्रश्न कागदांचा. नाणेघाटाविषयीं लेखनास तोटा नाहीं. आहुप्याविषयीं जवळजवळ कांहींच लिहिलें गेलें नाहीं. फ्रायर चुकला असें आपण म्हणतों. पण त्याचा वाटाड्या खरोखर चुकला, कीं सरहद्दीवरील चौक्या टाळण्यासाठीं त्यानें जाणूनबुजून ती वाट धरली? आहुप्यानें नित्याची वाहतूक होत होती असें दाखवितां आलें तर दुसरा पक्ष बळावेल. त्यासाठीं घोडखोऱ्यांतील दप्तरें पाहणें अवश्य आहे, आणि तेथें वेळ फार थोडा आहे. आंबेगांवचें मूळ गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्यास नांव त्याचें, कचेरी घोडेगांवास. उठलेलीं घराणीं जिकडे तिकडे पांगलीं व त्यांचे रुमाल त्यांच्याबरोबर गेले. घाटपांड्यांचीं, देशमुखांचीं किंवा वाण्यांचीं जुनीं दप्तरें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं मिठाच्या व बैलांच्या जकातीचीं पुरशिसें क्षुल्लक म्हणून बाजूस सारूं नयेत. त्यांवर घाटाचें नांव काय लिहिलें आहे तेवढें आधीं पाहावें, नाणें कीं आहुपें.