पद्मिनीचं चाक का घासतं?

क्रांती चौकात एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी वळताना ‘खर्र’ आवाज आला, तर समजा, रुंद टायर मडगार्डला घासतोय.

याचं मूळ इतिहासात आहे. ही गाडी मुळात इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनी १९६४ पासून तिचं ‘डिलाइट’ मॉडेल बनवायची. १९७४ मध्ये नाव पद्मिनी झालं, अंग तेच राहिलं. टायर ५.२०-१४, म्हणजे रुंदी ५.२० इंच, साधारण १३२ मिमी. मडगार्डही त्याच हिशोबाचं.

आता १७५ मिमीचा टायर टाका. ४३ मिमी वाढले, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण २१. आतून मागचे पाटे, बाहेरून मडगार्डची कड. १५ मिमीचा स्पेसर लावला तर आत तेवढी जागा परत मिळते, पण बाहेर टायर ३६ मिमी पुढे येतो. आमच्या भाषेत, एक बग फिक्स, दुसरा तयार!

म्हणून आधी दोन्ही बाजू मोजा. चाक पूर्ण वळवून, गाडीत माणसं बसवून. मी तरी १५५ वरच थांबेन, कड कापणार नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये बंद झाली. कापलेला पत्रा आता कुठून आणायचा?