घराचा अखेरचा हात

घराचें बळ पायांत असतें असें आपण म्हणतों, आणि तें खरेंही आहे. परंतु घराचें आयुष्य पुष्कळ वेळां अखेरच्या हातावर अवलंबून असतें. गिलावा, सफेदी, खिडकीचीं तावदानें हीं कामें बांधकामांत सर्वांच्या शेवटीं होतात, आणि जुनें घर नवें करण्याचें मनांत आलें कीं पहिला घाव त्यांवरच पडतो. ज्युबिलीच्या या वर्षीं गांवांतील कित्येक घरांची दुरुस्ती निघणें साहजिक आहे. म्हणून आपल्या शेजारच्या गोमंतकांतील जुन्या ख्रिस्ती घरांचा इतिहास येथें थोडक्यांत सांगणें उचित वाटतें.

तीं घरें बहुतेक जांभ्या दगडाचीं आहेत. हा दगड खाणींतून काढतांना मऊ असतो व हवा लागून कठीण होतो. परंतु तो सच्छिद्र असल्यामुळें पावसाचें पाणी शोषून घेतो. म्हणून जुन्या गवंड्यांनीं त्यावर शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा चढविला. चुना हवेंतील कार्बनिक वायु घेऊन पुन्हां दगडासारखा होतो, आणि तरीही भिंतींतील ओल बाहेर जाऊं देतो. पावसाळा संपल्यावर त्यावर सफेदीचा हात फिरविणें ही केवळ हौस नव्हती. ती भिंतीची जपणूक होती.

खिडक्यांचेंही तसेंच. कांच दुर्मिळ व महाग होती, तेव्हां कारागिरांनीं खाडींतील चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे कापून ते लांकडी पट्ट्यांच्या खांचांत बसविले. त्यांतून येणारा प्रकाश सौम्य असे व ऊन डोळ्यांना बोंचत नसे. पुढें कांच स्वस्त झाली आणि ही कारागिरी मागें पडली. आज या शिंपल्यास वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. तेव्हां अडगळ म्हणून फेंकलेलें जुनें तावदान पुन्हां सहजीं मिळणार नाहीं.

या बाबतींत जुन्या गोव्याच्या बॉम जीझस मंदिराचें उदाहरण फार बोलकें आहे. त्याचें बांधकाम १५९४ सालीं सुरू झालें व १६०५ सालीं त्याचें पवित्रीकरण झालें. त्याच्या जांभ्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकांत पोर्तुगीज अमदानींतच तो काढून टाकण्यांत आला, कां, तर इमारत अधिक प्राचीन दिसावी! तेव्हांपासून उघडा जांभा पावसाचा मार सोशीत आहे. तो झिजत असल्याची चिंता पुढें उघडपणें व्यक्त होऊं लागली, आणि गिलावा पुन्हां चढवावा कीं नाहीं यावर मोठा वाद झाला. लोकांना तर तांबूस भिंतीच मूळच्या वाटूं लागल्या होत्या. अखेरचा हात पुसला गेला, तर दोन पिढ्यांत त्याची आठवणही पुसली जाते, ती अशी.

आज आपल्या घरांत याच्या उलट प्रकार घडतो. चुन्याच्या भिंतीवर घट्ट सिमेंट थापलें जातें. तें ओल आंत कोंडून ठेवतें, आणि थोड्याच वर्षांत पोपडे सुटूं लागतात. तेव्हां रंगाची निवड करण्यापूर्वीं भिंत कशाची आहे हें विचारावें, चुन्याच्या भिंतीस चुनाच द्यावा, आणि जें काढावयाचें तें कां लावलें होतें हें घरांतील वडीलधाऱ्यांकडून व जुन्या गवंड्यांकडून आधीं समजून घ्यावें. पूर्वजांनीं शोभेसाठीं केलें असें आपणांस वाटतें त्यांतील पुष्कळसें त्यांनीं घर टिकावें म्हणून केलें होतें.